इंजिनाचा मूळ रंग

पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे या गावांतून भाद्रपदाच्या कित्येक महिने आधी पांढऱ्याफटक गणेशमूर्ती ट्रकमधून बाहेर पडतात. धंद्यात तिला कच्ची मूर्ती म्हणतात. मुंबईचा किंवा पुण्याचा विक्रेता ती विकत घेतो, आपल्या मांडवात आपल्या रंगाऱ्याकडून पीतांबर रंगवतो, मुकुटाला सोनेरी देतो, डोळ्यांची आखणी करून घेतो आणि मग विकतो. घेणारा ती 'पेणचा गणपती' म्हणूनच घरी नेतो. हा रंग कारखान्यातला की दुकानातला, असे विचारून मूर्ती नाकारणारा भाविक आमच्या पाहण्यात नाही. (पेणमध्ये मूर्तिशाळेला 'कारखाना' असेच म्हणतात. हा शब्द पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावा.)

पेणहून नागोठणे, कोलाड करीत रोह्याला यावे, तर तेथे रंगाचे दुसरे टोक आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रंगद्रव्ये तयार होतात. पुण्याच्या ज्या सुदर्शन केमिकलने २०२५ साली जर्मनीचा ह्यूबाख समूह विकत घेतला, तिचा एक मोठा कारखाना येथेच आहे. वसाहतीच्या सांडपाण्याची किंमत कुंडलिका नदीने मोजली, तो वेगळ्या लेखाचा विषय. आपल्यापुढचा मुद्दा इतकाच, की पिंपातून बाहेर गेलेली पूड कोणत्या देशातल्या कोणत्या यंत्राच्या अंगावर जाऊन बसते, हे धाटावच्या कामगाराला कळत नाही. रंगाला जन्मस्थान असते आणि त्याला लावणारा हातही असतो. ही दोन्ही एकच असली पाहिजेत असा हट्ट रोह्या-पेणच्या टापूत तरी कोणी धरत नाही.

हा हट्ट धरणारा एक पंथ मात्र आहे. जुन्या अमेरिकन मोटारींचा जीर्णोद्धार करणारे आणि त्या जीर्णोद्धाराला गुण देणारे परीक्षक, असा तो पंथ. (कोकणात जीर्णोद्धार या शब्दाने देवळाच्या लाकडी खांबांना ऑइलपेंट आणि गाभाऱ्याला स्नानगृहाच्या फरशा लागलेल्या आम्ही पाहिल्या आहेत, तेव्हा शब्दाविषयी आमचे मन आधीच कलुषित आहे, हे मान्य.) या पंथाचा आग्रह असा, की बॉनेट उघडल्यावर दिसणारे इंजिन कारखान्याने दिलेल्या रंगाचेच हवे, छटेनिशी आणि डागांनिशी. आमचे म्हणणे असे, की ज्या गाड्यांत विक्रेत्यानेच इंजिन बदलले, त्या गाड्यांबाबत हा आग्रह अज्ञानमूलक तर आहेच, पण इतिहासाची साधने नष्ट करणाराही आहे. आणि हाच आग्रह आता भारतात सरकारी नियम होऊन बसला असल्याने तो हौशी मंडळींचा खाजगी खेळ राहिलेला नाही.

आधी गाड्यांविषयी. १९६० च्या दशकात जनरल मोटर्सने आपल्याच विभागांवर एक बंधन घातले होते. मोठ्या गाड्या आणि कॉर्व्हेट वगळता कोणत्याही गाडीत ४०० घनइंचांहून, म्हणजे सुमारे साडेसहा लिटरहून, मोठे इंजिन बसवायचे नाही. १९७० पर्यंत हे बंधन टिकले. गिऱ्हाइकांना मात्र लहान गाडीत मोठे इंजिन हवे होते, आणि जे कारखाना देत नव्हता ते विक्रेते देऊ लागले. पेनसिल्व्हेनियातील कॅनन्सबर्ग येथील डॉन येन्को, शिकागोचे निकी शेव्हरोलेट, मिशिगनमधील रॉयल पॉन्टिअॅक, लाँग आयलंडवरील बाल्डविन-मोशन ही त्यांतील गाजलेली नावे. येन्कोने १९६७ साली नव्या कोऱ्या कमॅरो गाड्यांतील ३९६ घनइंची इंजिने काढून कॉर्व्हेटची ४२७ घनइंची बसवली. पुढे १९६९ साली खास मागणीच्या नावाखाली कारखानाच ४२७ बसवून त्याला गाड्या पाठवू लागला. त्यामुळे एकाच विक्रेत्याच्या, एकाच नावाने विकलेल्या गाड्यांत दोन कुळे झाली. एकात इंजिन विक्रेत्याच्या गॅरेजात बसले, दुसऱ्यात कारखान्यात.

आता रंग. अमेरिकन कारखाने इंजिनाला रंग देत ते गंज टाळण्यासाठी आणि ओळखीसाठी. शेव्हरोलेटची त्या काळातील व्ही-आठ इंजिने नारिंगी असत. पॉन्टिअॅकची फिकट निळी. क्रायस्लरची सामान्य मोठी इंजिने नीलहरित, तर रस्त्यावरील गाड्यांत दिलेले हेमी नारिंगी. फोर्डने १९६६ पासून सर्व इंजिनांना एकच निळा रंग लावला. रंगावरून घराणे कळावे, अशी ही व्यवस्था.

शेव्हरोलेटच्या कारखान्यात धूर बाहेर नेणारे ओतीव मॅनिफोल्ड इंजिनाला जोडलेले असतानाच फवारा मारला जाई. त्यामुळे त्यांच्या कडांवर नारिंगी शिंतोडे उडत. गाडी चालू लागली की मॅनिफोल्ड तापे आणि ते शिंतोडे जळून जात. जी वस्तू पहिल्या मालकाकडे थोडा काळसुद्धा टिकली नाही, ती आज मापून, चिकटपट्ट्या लावून, पुन्हा उडवली जाते. परीक्षकही तिला दाद देतो. कामगाराच्या घाईचे हे अनुकरण आम्हाला विनोदी वाटते, पण ज्या गाडीचे इंजिन खरोखर त्या रांगेत जोडले गेले तिच्याबाबत त्याला निदान काही अर्थ आहे. हेच शिंतोडे १९६७ च्या येन्को कमॅरोवर उडवणे म्हणजे शुद्ध बनावट होय. तिच्यातले दुसरे इंजिन कारखान्याच्या रांगेतून त्या गाडीसह कधी गेलेच नव्हते. ते कॅनन्सबर्गला बसले. बसवताना रंगाचे टवके उडाले असतील, पान्याचे ओरखडे पडले असतील, मिस्त्रीने हाताशी असलेल्या डब्यातून ते झाकले असतील. त्या टवक्यांत, त्या दुसऱ्या थरात त्या गाडीचे चरित्र आहे. जीर्णोद्धार करणारा पहिल्याच दिवशी ते वाळूच्या फवाऱ्याने खरवडून टाकतो आणि मग 'मूळ' रंग देतो.

मूळ कशाचे? कारखान्याने त्या गाडीत बसवलेले इंजिन ३९६ होते आणि ते तिच्यात नाही. या गाड्यांच्या बाजारात इंजिनाचा आणि गाडीचा क्रमांक जुळणे ही अस्सलपणाची परमावधी मानतात. १९६७ च्या येन्कोच्या बाबतीत तो क्रमांक जुळत नाही, आणि न जुळणे हेच ती येन्कोच्या हातून गेल्याचे एक गमक आहे. जिथे विसंगती हाच पुरावा आहे, तिथे रंगाने सुसंगती आणण्याचा हा अट्टाहास! आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी एखाद्या हस्तलिखितातील दुसऱ्या हाताचे अक्षर खोडून पहिल्या लेखनिकाच्या वळणात पुन्हा लिहिले असते, तर आम्ही त्याला ग्रंथालयाच्या पायरीवरही उभे केले नसते.

कारखान्याचा रंग सत्य सांगतो ही समजूतही तपासून पाहावी. १९६४ साली 'कार अँड ड्रायव्हर' या अमेरिकन मासिकाने पॉन्टिअॅक जीटीओची फेरारी जीटीओशी तुलना मांडून खळबळ उडवली. पॉन्टिअॅकच्या अफाट वेगाने सगळे थक्क झाले. कागदोपत्री तिच्यात ३८९ घनइंची इंजिन होते. प्रत्यक्षात रॉयल पॉन्टिअॅकने ४२१ बसवले होते. दोन्ही इंजिने बाहेरून सारखी, दोन्हींचा रंग तोच घराण्याचा फिकट निळा. पॉन्टिअॅकच्या जाहिरातींचे काम पाहणारे जिम वँगर्स यांनी हे गुपित कित्येक वर्षांनी स्वतःच उघड केले. म्हणजे ज्या रंगाकडे आज परीक्षक प्रामाण्याचा शिक्का म्हणून पाहतो, त्याच रंगाने त्या दिवशी फसवणूक पार पाडली होती. एखाद्या विक्रेत्याने अदलाबदल केलेले इंजिन उलट भलत्याच रंगात रंगवले असते, तर तो अधिक प्रामाणिक ठरला असता.

खुद्द कारखान्याची गोष्ट याहून मासलेवाईक आहे. १९७७ साली ओल्ड्समोबिल गाड्यांच्या मालकांना कळले, की आपल्या गाडीत शेव्हरोलेटचे इंजिन आहे. ओल्ड्समोबिल आपल्या इंजिनाची मोठी जाहिरात करीत असे, आणि हे इंजिन तिचे नव्हते. इलिनॉय राज्याच्या अॅटर्नी जनरलने दावा लावला, इतरही दावे झाले, कंपनीला भरपाई द्यावी लागली. कंपनी एकच, कारखाने तिचेच, तरीही इंजिन 'परके'. त्याच सुमारास शेव्हरोलेटच्या इंजिनाचा नारिंगी रंग गेला आणि कंपनीचा सामाईक निळा आला. घराण्याची ओळख सांगणारा रंग घराण्यानेच टाकून दिला. यात कारखान्याच्या पावित्र्याला जागा कोठे उरते, ते या पंथाने आम्हाला दाखवावे.

येथे वाचक विचारील, की या परदेशी कज्ज्याशी आपला संबंध काय. मसल कार म्हणतात त्या गाड्या महाराष्ट्रात विरळाच आल्या. परंतु अमेरिकन गाडी आणि तिचे बदललेले इंजिन ही मुंबईची जुनी ओळख आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना उघडला. देशात उत्पादन करा किंवा बंद करा, असे सरकारी धोरण ठरल्यावर तो १९५४ साली बंद झाला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्याला क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो ही त्यांची नावे. त्यांतील डॉज किंग्जवे ही अंगाने प्लिमथच होती, फक्त समोरची जाळी आणि नाव डॉजचे. अमेरिकेतून सुटे भाग पेट्यांत भरून येत आणि कुर्ल्याचे कामगार ते जोडत. अशा गाडीचा मूळ कारखाना कोणता, डेट्रॉइटचा की कुर्ल्याचा? मूळ नाव कोणते? हे प्रश्न पाठचिकित्सकाला आनंद देणारे आहेत आणि परीक्षकाला घाम फोडणारे.

पुढे आयात जवळजवळ थांबली, सुटे भाग मिळेनात, आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना. तेव्हा सहा किंवा आठ सिलिंडरांची पेट्रोल इंजिने उतरवून त्यांच्या जागी डिझेल इंजिने चढवली गेली. कोणी पर्किन्स बसवले, पुढे कोणी पुण्याच्या बजाज टेम्पोच्या मॅटाडोरचे. फाउंडेशन नव्याने वेल्ड केले, गिअरबॉक्स जुळवला, रेडिएटर पुढे सरकवला. आणि शेवटी, बहुधा, सगळ्यावर चंदेरी रंगाचा एक हात फिरवला. हा चंदेरी रंग डेट्रॉइटच्या कोणत्याही तक्त्यात शोधू नये. तो आमच्या गॅरेजांचा रंग आहे. गंज झाकणारा, तेलाची गळती लगेच दाखवणारा, स्वस्त. ज्या मिस्त्रीने तो दिला त्याचे नाव कोठेही छापलेले नाही, आणि गाडी मात्र त्याच्यामुळे आणखी वीस वर्षे चालली.

आता सरकारी नियम पाहू. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि 'व्हिंटेज' वाहनाची व्याख्या आली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेला असावा, वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे, आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत बदल करणारा कोणताही मोठा ओव्हरहॉल झालेला नसावा. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीला पाच हजार, मुदत दहा वर्षे, नंबरपाटीवर 'व्हीए' अक्षरे. जुन्या गाड्यांचा वारसा जतन व्हावा हा हेतू सांगितला गेला, आणि त्याच वर्षी जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरणही आले. हेतूविषयी आम्हाला शंका नाही. पण नियमाचा शब्दशः अर्थ लावला तर १९७५ साली डिझेल इंजिन बसवलेली डॉज वारसा नव्हे, नुसती जुनी गाडी. आणि एखाद्या मालकाने दारात उभी असलेली येन्को आणली असती, तर तीही बाद, कारण तिचे इंजिन तिच्या विक्रेत्यानेच बदललेले!

यातील विपर्यास असा, की तो इंजिनबदल चोरून झालेला नव्हता. जेथे रीतसर झाला तेथे आरटीओत अर्ज करून, तपासणी करून, आरसी बुकात नवा इंजिन क्रमांक चढवून झाला. त्या पानावर शिक्का शासनाचा आहे. ज्या शासनाने १९७५ साली बदल मान्य केला, तेच आता सांगते की बदल झाला म्हणून तुझा इतिहास ग्राह्य नाही. (नव्या वाहनांतील फेरफारांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे बंधन आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचले. रस्त्यावरील सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे. पण आज काय करू नये आणि काल काय घडले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि वारशाचा नियम दुसऱ्याचा असायला हवा होता.)

अशा नियमाचा परिणाम काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. ज्याच्याजवळ पैसा आहे तो मॅटाडोरचे इंजिन भंगारात घालील, परदेशातून त्या वर्षाचे पेट्रोल इंजिन मागवील, त्याला तक्त्यातला रंग देईल आणि 'मूळ स्वरूप' सिद्ध करील. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याची गाडी, म्हणजे खरोखर महाराष्ट्रात जशी चालली तशी उरलेली गाडी, बाद. नियम वारसा जपणार तो २०२० च्या दशकात विकत घेतलेला, आणि पन्नास वर्षे अंगावर बाळगलेला भंगाराच्या काट्यावर जाणार.

साहित्याच्या माणसांना यात आपला प्रश्न ओळखू आला असेल. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले आणि ते १९६६ साली पुरे केले. वि. स. सुकथनकरांनी व्यासांच्या हातचा मूळ पाठ मिळवल्याचा दावा केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांवरून जेथवर मागे जाता येते तेथवर ते गेले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पानाच्या खालच्या भागात आहे. जे पाठ त्यांनी नाकारले ते त्यांनी खरवडले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची, पेणच्या प्रत्येक कारखान्यात ठाऊक असलेली कथा चिकित्सक संहितेत नाही. परंतु ती परिशिष्टात आहे. ज्याला हवी त्याला सापडते, कोणत्या प्रतींत आहे ते कळते. सुकथनकरांनी हस्तलिखितांवर वाळूचा फवारा मारला नाही.

ज्ञानेश्वरीचे उदाहरण आणखी अवघड आहे, म्हणून ते टाळणार नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठशुद्धी केली, आणि संहितेत स्वतःच्या ओव्या घालू पाहणाऱ्यांना खडसावलेही. १९०९ साली वि. का. राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली आणि वाद पेटला. त्या वादात कोणीही असे म्हटले नाही, की एकनाथांचा हात लागला म्हणून वारकऱ्यांच्या हातातली ज्ञानेश्वरी ज्ञानेश्वरीच नव्हे. एकनाथांना डीलर म्हणण्याइतके आम्ही वाह्यात झालेलो नाही. पण संहिता ज्या हातांतून आपल्यापर्यंत आली, त्या हातांना वजा करून तिचा अभ्यास होत नाही, हे आपण वर्गात शिकवतो. बॉनेट उघडल्यावर मात्र आपल्यातलेच सुशिक्षित 'ओरिजिनल' म्हणून माना डोलावतात.

आमच्या विरुद्ध एक खरा आक्षेप आहे. बदल मान्य केले तर बनवेगिरीला दार उघडते. साधी कमॅरो घेऊन तिच्यात ४२७ बसवायचे, येन्कोच्या पट्ट्या मारायच्या आणि लाखो डॉलरांना विकायची, हे प्रकार होतात. हा आक्षेप आम्ही पूर्ण मान्य करतो. परंतु बनवेगिरी उघडकीस कशी येते ते पाहा. जुन्या थरांवरून, आतल्या बाजूस राहिलेल्या टवक्यावरून, बोल्टाच्या डोक्याखाली अडकलेल्या भलत्या रंगावरून, जुन्या कागदांवरून. म्हणजे जे खरवडायचे म्हणून हा पंथ उतावीळ आहे, तेच तोतयाला पकडून देणारे साधन. सगळी इंजिने तक्त्यातल्या नारिंगीत न्हाऊन निघाली की अस्सल आणि तोतया यांत फरक दाखवणारे काही उरतच नाही. आग्रहाने जपलेला मूळ रंग हा तोतयाचा सर्वांत विश्वासू सहकारी आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. वारशाच्या नोंदणीच्या अर्जात 'बदल नाही' असे लिहून घेण्याऐवजी एक रकाना असावा: इंजिन कोणत्या साली बदलले, कोठे, कोणी, आणि आरसी बुकातील कोणत्या पानावर त्याची नोंद आहे. ज्या बदलालाच पन्नास वर्षे होऊन गेली, तो बदल वाहनाच्या वयात धरावा. परीक्षकांनी एकसारख्या रंगाला गुण देण्याऐवजी थर कसे राखले, त्याला द्यावेत. आणि ज्या मालकाला रंग द्यायचाच आहे, त्याने निदान इंजिनाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडच्या अंगाला, हाताच्या पंजाएवढी जागा तशीच सोडावी. चंदेरी, त्याखाली जे काही असेल ते, आणि सर्वांत तळाशी बिडाचा करडा.